बयाबाईंची तीन गाडगी

मंगळवार, ५ मार्च १९४६. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. हरिपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बयाबाई फाकडे लाकडी पिंपाचा दांडा फिरवत होत्या. समोरच्या दांड्याला दगडाबाई होती. शिजवून वाळवलेली हळद या पिंपात घालून फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर घासली जातात, वरची काळपट साल झडते आणि पिवळा रंग उघडा पडतो. सांगलीच्या बाजारात हळदीला भाव मिळतो तो या रंगाला. बयाबाई हे काम वीस वर्षं करत आल्या आहेत, दुसऱ्याच्या पिंपावर, मजुरीनं.

त्या सकाळी पिंपातून येणारा आवाज हळदीचा नव्हता. आत भाताचा कोंडा होता आणि कोंड्यात तांब्याची जुनी नाणी होती. आदल्या दिवसापासून ती चिंचेच्या पाण्यात भिजत घातलेली होती. पिंपाचा मालक सातनंतर येत असे, तोवर हे उरकायचं होतं.

"बये, लोकं सोनं उजळत्यात, तू ढब्बू पैसं उजळाया लागलीस," दगडाबाई म्हणाली.

"माल इकायचा म्हंजे उजळाया नगं?"

"उजळ की. मग माझं त्वांडबी घाल पिंपात. एखादी सोयरीक तरी जमंल."

"पिंपाचा दांडा मोडंल गं. मालक माझ्याकडनं भरून घील."

सातच्या आत नाणी बाहेर निघाली. नव्या घागरीसारखी लाल झाली होती. बयाबाईंनी ती पदरात घेऊन पुसली आणि त्यांना बरं वाटलं.

ही नाणी बयाबाईंच्या नवऱ्याची. मानसिंग फाकडे सांगलीच्या गणपती पेठेत एका अडतीवर तोलार होता, म्हणजे काट्यावर पोती तोलण्याचं काम करायचा. हळदीच्या हंगामात त्या अडतीवर जतकडचे, अथणीकडचे, निजामाच्या मुलखातले आणि गोव्याचे लोक येत. व्यवहाराच्या वेळी कुणाच्या कनवटीला न चालणारं एखादं नाणं निघे. निजामाचा हाली रुपया, गोव्याचा रुपया, चांदवडी रुपया, नाहीतर कुठल्या खेड्यात चुलीमागं पुरलेल्या गाडग्यातली तांब्याची शिवराई. अडतीचे दिवाणजी ते परत सरकवत. मानसिंग ते नाणं उचलून आपल्या खिशातला चालता पैसा त्याच्या हातावर ठेवी. नाणं परत आलेला माणूस तोंड पाडून उभा राहतो, ते त्याला बघवत नसे, असं बयाबाई सांगतात. त्यांचा दीर आकाराम त्याच पेठेत हमाल आहे. त्याचं म्हणणं वेगळं आहे. "दादाला नाद हुता," एवढंच तो म्हणतो. दोन्ही खरं असेल. मानसिंग १९४३ साली विषमज्वरानं वारला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरत आला होता. तीन वर्षं तो फडताळातून खाली उतरला नाही.

तो आता उतरला याचं कारण गावातला सुतार. एका व्यापाऱ्यानं त्याच्याकडे हळदीचं नवं पिंप करायला टाकलं होतं. पिंप तयार झालं, तेव्हा व्यापाऱ्यानं पाठ फिरवली. सुतार सव्वादोनशे रुपयांना ते द्यायला तयार होता आणि पाडव्यापर्यंत थांबणार होता. पिंपाचा मालक हळदीच्या पोत्यामागं आठ आणे घेतो. दांडा फिरवणाऱ्या दोघींना त्यातले तीन आणे मिळतात. बयाबाईंना मूलबाळ म्हणजे एक मुलगी, ती माधवनगरला गिरणीत काम करणाऱ्याच्या घरी दिलेली आहे. खांदे दुखायला लागलेत. आणखी दहा वर्षं दुसऱ्याचा दांडा फिरवायचा की आपल्या दांड्याला दुसरी बाई लावायची, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर डब्यात होतं किंवा नव्हतं.

त्याच आठवड्यात त्या सांगलीच्या सराफकट्ट्यावर गेल्या. नाथाजी पोतदारांचं दुकान तिथं जुनं आहे. नाणं खरं की खोटं हे पारखणं हा पोतदारांचा पिढीजात धंदा. नाथाजींनी डबा गादीवर ओतला. चांदीची नाणी एकेक करून दगडावर वाजवली, मग चांदी आणि तांबं वेगळं करून तोललं. उजळलेलं तांबं त्यांनी सरळ तागडीत टाकलं. उजळायची राहिलेली काळी मात्र त्यांनी दोनदा परतवून पाहिली, हे बयाबाईंच्या लक्षात राहिलं.

"वजनाचा माल आहे, बयाबाई. चांदी चांदीच्या भावानं, तांबं तांब्याच्या भावानं. एकशेचाळीस."

"आवं अण्णा, ह्यातलं काय काय लय जुनं हाय."

"जुना तर मीही आहे. मला कोण जास्त देतंय?"

शेजारच्या गादीवर कुणीतरी हसलं. बयाबाईंनी नाणी डब्यात भरली आणि चार दुकानं सोडून पाचव्यात गेल्या. तिथंही एकशेचाळीस. पुढच्यानं एक रुपया वाढवला आणि तो उपकार असल्यासारखा सांगितला.

"मी जायच्या आदी भाव तितं जाऊन बसला हुता," त्या म्हणतात. त्यांना याचा राग आला नव्हता. उघड्या तोंडानं सांगितलेला भाव असाच फिरतो, हे बाजाराजवळ राहणाऱ्या माणसाला माहीत असतं. पहिल्यानं आकडा उच्चारला की दुसरा स्वतःचा आकडा ठरवत नाही. पहिल्याच्या पुढं कितपत जायचं, एवढंच बघतो.

हळदीच्या सौद्यात यावर उपाय आहे. अडत्या आपल्या हातावर रुमाल टाकतो. घेणारा रुमालाखाली हात घालतो आणि बोटं दाबून भाव सांगतो. तोंडानं कुणी बोलत नाही. एकाचा भाव दुसऱ्याला कळत नाही, त्यामुळं प्रत्येकाला आपलाच भाव सांगावा लागतो. सगळे हात होऊन गेले की अडत्या सर्वात मोठा भाव जाहीर करतो. सांगलीत लाखोंची हळद अशी विकली जाते. पण रुमालाखाली बाईचा हात नसतो. परक्या पुरुषाच्या बोटांत बाईनं बोटं द्यायची, हे बाजारात कुणी पाहिलेलं नाही आणि कुणी पाहूही म्हणत नाही.

आकारामनं मार्ग सुचवला. "वयनी, मी घालतो की हात. तुमी नुसतं बसा."

"हात तुमचा, भावजी. पर बोटं कुनी किती दाबली, त्ये मला कसं कळायचं?"

"म्हंजे माझ्यावर इस्वास न्हाई?"

"तुमी नाथाजी अण्णांकडं बायकूचं डोरलं गहान ठिवलंय. उद्या त्येनी तुमचीच बोटं पिळली तर?"

आकाराम उठून गेला. दोन दिवस तो वहिनीच्या दारात आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो एक बातमी घेऊन. अडतीच्या दिवाणजींनी सांगितलं होतं की साताऱ्याला विष्णुपंत आगाशे म्हणून कोर्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ जुनी नाणी जमवतात. ते स्वतः विकत घेतात आणि फसवत नाहीत, असं ऐकिवात होतं. शेवटचं वाक्य बयाबाईंनी फारसं मनावर घेतलं नाही. पण मिरजेहून दोघं पुण्याकडच्या गाडीत बसले, सातारा रोडला उतरले आणि मोटारीनं शहरात गेले.

विष्णुपंतांनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि खिडकीजवळ पंचा पसरून त्यावर नाणी मांडली. त्यांनी ती चांदी-तांबं अशी लावली नाहीत. कुठली, कुणाची, अशी लावली. एक चांदीचा रुपया हातात घेऊन ते बराच वेळ बसले. वाईकडच्या जुन्या टांकसाळीतला असावा, असं त्यांना वाटत होतं. मग ते लाल तांब्यापाशी आले.

"ही कुणी घासली?"

"म्याच. पिंपात घालून."

"कसल्या पिंपात?"

"हळदीच्या."

विष्णुपंतांनी चष्मा काढून खाली ठेवला. "बाई, ह्यांची किंमत गेली."

बयाबाई हसल्या. "पंत, घेनाऱ्यानं मालाला नाव ठिवल्याबिगर भाव पडत न्हाई. आमी त्ये रोज बघतो. हळद चांगली आसली की म्हनत्यात वली हाय. वाळली आसली की म्हनत्यात वजन न्हाई."

विष्णुपंत रागावले नाहीत. त्यांनी एकाच जातीच्या दोन शिवराया निवडल्या, एक काळी, एक लाल. दोन्ही बयाबाईंच्या तळहातावर ठेवल्या आणि भिंग दिलं. बयाबाईंना अक्षर वाचता येत नाही, पण अक्षर आहे की नाही हे दिसतं. काळ्या नाण्यावर ते उठून उभं होतं. लाल नाण्यावर त्याच्या कडा विरघळल्या होत्या. एका जागी तर नुसता उंचवटा राहिला होता.

"तांबं तेवढंच आहे," विष्णुपंत म्हणाले. "पण आम्ही तांबं घेत नाही. त्यावर काय आहे ते घेतो. शिवाय तो काळा रंग पाऊणशे-शंभर वर्षांत चढतो. तो नाण्याला जपतो आणि नाणं जुनं असल्याची साक्षही देतो. तो गेला की माणूस विचारतो, हे कालच पाडलं नाही कशावरून?"

बयाबाईंनी भिंग डोळ्यावरून काढलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "हळदीची साल काडली की हळद ऱ्हाती. हितं सालच माल हुती."

"होय."

"किती गेलं?"

"ते आता सांगून काय उपयोग?"

"न्हाई, सांगा. नुसकान किती त्ये कळल्याबिगर मन गप बसत न्हाई."

विष्णुपंतांनी लाल ढीग पुन्हा पाहिला. दोन-तीन नाणी बाजूला काढली, परत ठेवली. "चाळीस रुपये. थोडे जास्तही असतील."

आकारामनं कपाळाला हात लावला. बयाबाईंनी नाही लावला. त्यांचा पुढचा प्रश्न सरळ होता. "मग बाकीच्याला तुमी किती देता?"

इथं विष्णुपंतांनी जे उत्तर दिलं, ते विकायला निघालेल्या माणसाला क्वचित ऐकायला मिळतं. "मला ही नाणी हवी आहेत. हा रुपया तर हवाच आहे. म्हणून माझ्या तोंडून किंमत ऐकू नका. मी खोटं बोलणार नाही, पण मी घेणारा आहे. घेणाऱ्याचा हात आपोआप थोडा आखडतो. स्वतःलाही कळत नाही."

"मग भाव सांगायचा कुनी?"

"ज्यांना ही नाणी खरोखर हवी आहेत अशी दोन-तीन माणसं एका ठिकाणी आणा. पुण्याचे चिंतामण बेहेरे नाण्यांचा व्यापार करतात. महिन्याकाठी इकडं येतात. मी त्यांना निरोप देतो. मीही येईन."

"आनि ह्ये एकमेकाचं ऐकून बोलनार," आकाराम म्हणाला. "सराफकट्ट्यावर झालं तसंच."

विष्णुपंतांनी नाणी परत डब्यात भरून दिली. परतीच्या गाडीत बयाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. ताकारीच्या पुढं कुठंतरी त्यांनी आकारामला विचारलं, की रुमाल कशासाठी असतो. तो म्हणाला, हात झाकाया. मग हातच कशाला पायजे, त्या म्हणाल्या. आकारामला ते त्या वेळी कळलं नाही.

पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी, २४ मार्चला दुपारी, शेड बंद होतं. मालकाची परवानगी काढून बयाबाईंनी ते उघडलं. उजळलेलं तांबं त्यांनी आधीच एका तांबटाला नऊ रुपयांना घातलं होतं. बाकीची नाणी पोत्यावर मांडून ठेवली होती. बेहेरे आले ते पुण्याच्या टोपीत आणि घाईत. विष्णुपंत सातारा रोडवरून सकाळच्या गाडीनं आले. नाथाजी पोतदारांनाही बयाबाईंनी बोलावलं होतं. ते का आले, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. वजनाचा माल आहे असं म्हणणाऱ्या माणसाला रविवारची झोप सोडून हरिपूरला यायचं कारण नव्हतं.

शेडच्या एका कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा होता. पडद्यामागं कुंभाराकडची तीन छोटी गाडगी ठेवली होती. पहिल्याच्या गळ्याला पांढरी चिंधी होती, दुसऱ्याच्या तांबडी, तिसऱ्याच्या हिरवी. प्रत्येकाच्या तोंडावर फडकं बांधून हात जाईल एवढी फट ठेवलेली. बाजूला हळकुंडांचा ढीग.

"बयाबाई, हा काय भोंडला मांडलाय?" नाथाजी म्हणाले.

"भोंडल्यात बाप्ये नसत्यात, अण्णा. ह्यो सौदा हाय."

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. प्रत्येकानं एकट्यानं पडद्यामागं जायचं. आपल्या चिंधीच्या गाडग्यात हळकुंडं टाकायची. एक हळकुंड म्हणजे दहा रुपये. हळकुंड अख्खं पाहिजे, तुकडा धरणार नाही. तिघांचं झालं की गाडगी सगळ्यांसमोर उपडी करायची. ज्याची जास्त, त्याचा माल. आणि गाडगं एकदा उपडं झालं की सौदा संपला.

बेहेऱ्यांना हे पटलं नाही. "आम्ही पुण्यात असं काही करत नाही."

"पुण्यात हळद पिकत न्हाई, सायेब," आकाराम म्हणाला. आता त्याला सगळं कळलं होतं.

"आवाजावरून कळेल की कुणी किती टाकली ते."

"गाडग्यात बोटभर कोंडा घातलाय," बयाबाई म्हणाल्या. "टाकून बगा."

आधी बेहेरे गेले आणि लवकर बाहेर आले. मग विष्णुपंत. ते पडद्यामागं असताना दगडाबाई मुद्दाम नाथाजींशी बोलत राहिली, त्यांच्या सुनेला डोहाळे कसले लागलेत याची चौकशी करत. सगळ्यात जास्त वेळ नाथाजींनी लावला. एकदा तर ते अर्धवट बाहेर येऊन पुन्हा आत गेले.

"अण्णा, हळद निवडताय का टाकताय?" दगडाबाईनं बाहेरून विचारलं.

गाडगी आकारामनं बाहेर आणली आणि बयाबाईंनी एकेक करून सुपात उपडी केली. कोंडा पाखडून हळकुंडं मोजली ती विष्णुपंतांनी आणि बेहेऱ्यांनी, दोघांनी मिळून. बेहेऱ्यांची सतरा. विष्णुपंतांची तेवीस. नाथाजी पोतदारांची सव्वीस.

बेहेऱ्यांनी ती सव्वीस पुन्हा मोजून पाहिली. मग बयाबाई म्हणाल्या, "अण्णा, तुमी एकशेचाळीस म्हनत हुता की."

नाथाजी ओशाळले नाहीत. "ते तुम्ही विचारल्याचं उत्तर होतं. पंत साताऱ्याहून उन्हाचे इथं येतात ते वजनाच्या मालासाठी नव्हे, एवढं मला कळतं."

तेवढ्यात बेहेरे पुढं सरकले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं होतं. "सत्तावीस. आत्ता, इथं, रोख."

आकारामनं वहिनीकडं पाहिलं. "वयनी, धा रुपयं जास्तीचं हायत."

दहा रुपये म्हणजे बयाबाईंची किती दिवसांची मजुरी, ते तिथं त्यांच्याइतकं दगडाबाईला माहीत होतं. तिनं मान हलवून घे असं सुचवलं. विष्णुपंत खाली बघत होते.

"रुमाल उचलल्यावर हात घालत न्हाईत, सायेब," बयाबाई म्हणाल्या.

"अहो, पण फायदा तुमचाच आहे."

"आज हाय."

बेहेऱ्यांनी पाकीट परत खिशात घातलं. रागानं नाही, थोडं आश्चर्यानं. त्यांना ते कळलं नसावं. हरिपुरातल्या माणसाला ते लगेच कळतं. पिंप घेतल्यावर बयाबाईंना याच बाजारातल्या लोकांकडून माल मागायचा होता. पोत्यामागं एक दर सांगायचा आणि तोच घ्यायचा होता. गाडगं उपडं झाल्यावर भाव बदलणारी बाई म्हणून सराफकट्ट्यावर नाव झालं असतं, तर ते गणपती पेठेत पोचायला दुपारही लागली नसती. शिवाय त्यांनी सत्तावीस घेतले असते, तर नाथाजींना अठ्ठावीस म्हणायला कुणी अडवलं असतं? आणि मग पुन्हा सगळं तोंडानं चाललं असतं, ज्यातून सुटण्यासाठी तीन गाडगी आणली होती.

एक गोष्ट बयाबाईंना विचारण्यासारखी होती. खरं सांगितलं विष्णुपंतांनी. बेहेऱ्यांना बोलावूनही त्यांनीच आणलं. तेवीस हळकुंडं हा पेन्शनीतल्या माणसाला लहान आकडा नव्हे. नाणी त्यांना द्यावीत असं मनात आलं नाही का?

"आलं," त्या म्हणाल्या. "तवाच आलं. पर मनात येतंय म्हनून माल दिला, तर तो सौदा न्हवं, देनगी. देनगी द्यायची आयपत आसंल तवा देऊ."

निघण्याआधी विष्णुपंतांनी वाईकडचा तो रुपया पुन्हा एकदा हातात घेतला, उजेडात धरला आणि नाथाजींच्या हातावर ठेवला. आठवड्याभरात तो विष्णुपंतांकडे गेला. नाथाजींनी तो त्यांना विकला. कितीला, ते दोघांपैकी कुणीही सांगत नाही. नाथाजी हसतात, विष्णुपंत विषय बदलतात.

दोनशे साठ रुपये ही योग्य किंमत होती का? बेहेऱ्यांना नंतर विचारलं, तेव्हा त्यांनी खांदे उडवले आणि मुंबईत याहून जास्त आले असते, असं म्हणाले. कदाचित आलेही असते. मग त्यांनी गाडग्यात सतराच का टाकली, हा प्रश्न त्यांना आवडला नाही. विष्णुपंतांचं म्हणणं असं की नाण्याला अशी एक किंमत नसतेच. घेणारा कोण आणि तो कुणाला घाबरून किंमत सांगतो, यावर ती ठरते. बयाबाईंचं मोजमाप याहून साधं आहे. कट्ट्यावर एकानं सांगितलेला भाव बाकीच्यांनी आपला म्हणून सांगितला. शेडमध्ये तिघांना आपापला भाव काढावा लागला. कट्ट्यावरचा भाव बयाबाईंच्या गळ्यात पडलेला होता, शेडमधला त्यांनी मिळवलेला. फरक एकशेवीस रुपयांचा, तांबटाचे नऊ सोडून. त्यातून पिंपात गेलेले चाळीस वजा करायला त्या विसरत नाहीत. त्या विसरल्याच, तर दगडाबाई आठवण करून देते.

सुताराचे पैसे पाडव्याच्या आदल्या दिवशी दिले गेले. उरलेल्यात चौकटीला नवा लोखंडी आस बसवला, कारण सुतारानं घातलेला कुरकुरत होता. शेड महिन्याच्या भाड्यानं ठरवलं, त्याच मालकाचं, शेजारचं. तो म्हणाला, माझीच कामवाली माझ्याशेजारी दुकान मांडते, हे बरं आहे. बयाबाई म्हणाल्या, शेजार चांगला असावा म्हणूनच इथं मांडतेय. दगडाबाई जुन्या मालकाला सोडून आली. पोत्यामागं तिचा वाटा दोन आणे ठरला. पूर्वी दीड मिळत होता.

"आता मालकीन म्हनायचं का तुला?" तिनं विचारलं.

"म्हन. पर दांडा सोडू नगस."

पहिल्या दिवशी दोन पोती आली, आकारामनं ओळखीच्या अडतीवरून आणलेली. दुसऱ्या दिवशी एकही नाही. बयाबाईंनी आसाला तेल घातलं आणि शेडसमोरचं अंगण सारवलं. संध्याकाळी सांगलीहून एक माणूस दर विचारायला आला. नाथाजी पोतदारांनी पाठवलं होतं, असं त्यानं सांगितलं. त्यांची थोडी जमीन कसबे डिग्रजला आहे. बयाबाईंनी आठ आणे सांगितले. त्यानं सात म्हणून पाहिले आणि आठवर मान डोलावून गेला.

आज शुक्रवार, ५ एप्रिल. उद्या कसबे डिग्रजहून नाथाजींच्या हळदीची पहिली बैलगाडी सकाळी सात वाजता हरिपुरात येते आहे. चौदा पोती आहेत.